मुठीचे गाडगे घेऊन शाहूवाडीकडे

माझी पत्नी करुणा निवर्तल्यापासून मला एका जागी बसवत नव्हते. शाळा सुटली की मी रंकाळ्याला एक फेरी घालत असे, घरापर्यंत येत असे, खिशातील किल्लीला हात लावीत असे आणि पुन्हा रंकाळ्याकडे वळत असे. सहकाऱ्यांनी प्रवासाचा सल्ला दिला. कोणी महाबळेश्वर सुचवले, कोणी गोव्याची जुनी चर्चे. मी यांपैकी कोठेही गेलो नाही. मी गेलो शाहूवाडी तालुक्याच्या डोंगरातील एका लहान गावी, जे कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत सापडणार नाही. तरीही हे वर्णन लिहीत आहे, कारण ज्या कारणासाठी मी गेलो ते कारण आणखी कोणाचे तरी असेलच असे मला वाटते.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, विशेषतः खेड्यांतून, एक रीत आहे. भाताला तांदूळ घेताना गृहिणी धुण्यापूर्वी त्यातील एक मूठ काढते आणि वेगळ्या गाडग्यात टाकते. ती मूठ देवाची. सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण येतो तेव्हा घरोघरची ही गाडगी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन रिकामी केली जातात. शहरात या रीतीची जागा केव्हाच दानाच्या पाकिटाने घेतली आहे. करुणाने मात्र ती कोल्हापुरात येऊनही मोडली नाही. दर वर्षी दिवाळीनंतर ती आपले गाडगे घेऊन माहेरी जात असे आणि दोन-तीन दिवसांनी रिकामे गाडगे व टवटवीत चेहरा घेऊन परत येत असे.

यंदा ते गाडगे फडताळात तसेच होते, गळ्याच्या थोडे खाली येईपर्यंत भरलेले. मी खाणावळीत जेवू लागलो होतो. गाडग्याला किडे लागू नयेत म्हणून ती घालीत असे तसा कडुलिंबाचा पाला मात्र मी अधूनमधून त्यात खोलवर खुपसत होतो. त्यापलीकडे त्याचे काय करावे हे मला सुचत नव्हते.

दिवाळीनंतर तिचा धाकटा भाऊ याकोब बाजाराला म्हणून लक्ष्मीपुरीत आला होता, तो घरी डोकावला. उंबऱ्यातूनच त्याची नजर फडताळाकडे गेली.

"दाजी, औंदा गाडगं कोण आणणार?"

"तूच घेऊन जा," मी म्हणालो.

"म्या न्हाई नेणार. ज्याच्या घरचं गाडगं, त्यानं आणायचं. तुमीच या की."

मी हो म्हणालो, परंतु केवळ रिवाजासाठी नव्हे. करुणा एक वाक्य नेहमी बोलत असे : "माझा ठेवा तिकडं खाचरात गवसला." शेतात लपवलेल्या ठेव्याचा प्रभूचा दृष्टांत ख्रिस्ती वाचकांना ठाऊकच आहे. एका मनुष्याला तो सापडतो आणि तो आनंदाच्या भरात आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो. मी जन्माने ख्रिस्ती आहे, मंडळीच्या समितीचा चिटणीस आहे आणि या दृष्टांताचे तीन मुद्द्यांत विवरण मी मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत अनेकदा केले आहे. तथापि शेवटच्या आजारपणात करुणा ज्या प्रसन्नतेने पडून असे, तशी प्रसन्नता मी कधीही अनुभवलेली नव्हती. तिला जे सापडले होते ते काय होते आणि ते मला सापडू शकते काय, हे मला जाणून घ्यायचे होते. तिला विचारण्याची वेळ निघून गेली होती. शेत मात्र जागेवर होते.

शुक्रवारी दुपारी निघालो. कोल्हापूरहून मलकापूरला जाणाऱ्या एस.टी. गाड्या बऱ्यापैकी आहेत. तिकीट दोन रुपयांच्या आत पडते. खिडकीची जागा हवी असल्यास स्थानकावर लवकर जावे. गाडगे मी करुणाच्या जुन्या पातळात गुंडाळून मांडीवर घेतले होते. कंडक्टरने ते लगेच हेरले.

"ओ पावणं, ते बोचकं टपावर टाका."

"ते टपावर जाणार नाही. त्यात मातीचे भांडे आहे."

"काय हाय भांड्यात? तूप?"

"तांदूळ."

"तांदूळ!" कंडक्टर गाडीभर ऐकू जाईल असा ओरडला. "शाहूवाडीला तांदूळ घेऊन निघालाय! आवो, तितनं आणत्यात, तितं न्हेत न्हाईत!"

गाडी हसली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. शेजारी मलकापुरात बांगड्यांचे दुकान चालवणारे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ बसले होते. त्यांनी हळूच विचारले, "नवस हाय का काय?"

मी रीत समजावून सांगितली. ते मान डोलावत राहिले.

"आमच्यात बी काढत्यात. ईदच्या आदी. फित्रा म्हणत्यात त्याला. पर काढलेलं धान्य घरात ठिवत न्हाईत. नमाजाच्या आदी भाईर पडाय पायजे. तुमी किती दीस ठिवलंय?"

"बरेच दिवस," मी म्हणालो आणि जागा बदलता आली असती तर बदलली असती. परंतु गाडी खच्चून भरली होती. मागच्या बाकावर आणीबाणीवरून दोघांचे जोरात भांडण चालले होते. ती उठून दीड वर्ष झाले होते, तरी भांडण ताजे होते.

केर्लीपर्यंत दुतर्फा ऊस आहे. गुऱ्हाळे नुकतीच सुरू झाली होती आणि उकळत्या रसाचा वास खिडकीतून आत येत होता. वाघबीळ ओलांडल्यावर रस्ता वळणे घेऊ लागतो. बांबवड्यानंतर उसाची जागा भाताची खाचरे घेतात आणि हवेत गारवा येतो. निसर्गाची आवड असणाऱ्यांनी हा भाग डोळे भरून पाहावा. मी पाहिला नाही. मी दर थोड्या वेळाने पातळाची गाठ सोडून गाडगे शाबूत आहे ना हे पाहत होतो.

मलकापूरला याकोब उभा होता. स्थानकासमोर चहा बरा मिळतो आणि कांदाभजी ताजी असते. पुढे बैलगाडीची सोय होऊ शकते, परंतु याकोबाच्या मते पाऊलवाट जवळची होती. वाटेत कडवी नदी पायी ओलांडावी लागते. पाणी गुडघ्याच्या खालीच असते, पण तळाचे गोटे निसरडे आहेत. जाणाऱ्याने बूट हातात घेण्याची आणि विजार वर करण्याची तयारी ठेवावी. मी दोन्ही हातांनी गाडगे धरले होते, म्हणून माझे बूट याकोबाने गळ्यात अडकवले.

"द्या की हिकडं ते बी," तो म्हणाला.

"नको."

"आवो, बुडवत न्हाई म्या!"

मी दिले नाही.

दिवस मावळता मावळता आम्ही घरी पोचलो. याकोबाची पत्नी मार्था दारात आली. "सलाम दाजी," म्हणून तिने पायांवर गरम पाणी घातले. जेवायला नाचणीची भाकरी आणि खेकड्याचे कालवण होते. कालवण अतिशय तिखट होते. सवय नसलेल्यांनी सोबत भात मागून घ्यावा. जेवणानंतर मार्थाने गाडग्यावरचे झाकण काढून वास घेतला.

"वन्सं पाला घालायच्या तसाच हाय की!"

"तो मी घातला आहे."

"तुमी?" ती माझ्याकडे बघत राहिली, मग झाकण लावून तिने गाडगे भिंतीतल्या देवळीत ठेवले. मी ते तेथून उचलून माझ्या उशाशी आणले.

शनिवारी सकाळी मी याकोबाला ते खाचर दाखवण्यास सांगितले.

"कुठलं?"

मी करुणाचे वाक्य त्याला ऐकवले. त्याने डोके खाजवले.

"ठेवा? दाजी, खणाय आलासा व्हय? फावडं घिऊ का?"

तरीही तो मला घेऊन गेला. डोंगराच्या कुशीतील ते एक अरुंद खाचर आहे. भात कापून झाले होते. खाली धसकटे, मध्ये चिखलात खेकड्यांची बिळे आणि काही बगळे. माझी कल्पना काय होती हे मला नीट सांगता येणार नाही. परंतु एखादे झाड असेल, एखादा कातळ असेल, प्रार्थनेला गुडघे टेकावेत अशी एखादी जागा असेल असे मी धरून चाललो होतो. तेथे बांध होता आणि बांधावर गवत होते.

"येका साली करपा पडला," याकोब बसत म्हणाला. "भात निम्मं पोचट. बा म्हणाला, औंदा मूठ काढायची न्हाई, आपल्यालाच पुरंना. मग ही आक्का काय करायची, शिजायच्या आदी आपल्या वाटणीचं काढायची. आन् त्या रातीला कमी जेवायची. आईला ठावं हुतं. बाला न्हाई."

"मग?"

"मग हितंच बसलतो आमी, राखणीला. ही म्हणाली, याकू, मला कायतरी गवसलंय. म्या म्हणलं, दाव. तिनं मूठ म्होरं केली, आन् उघडली."

"काय होते तीत?"

"काय न्हाई. रिकामी. आन् हसाय लागली. येवढी हसली, येवढी हसली की म्या बी हसाय लागलो."

"तू विचारले नाहीस तिला?"

"काय इचारायचं? पोरं हुतो की."

"त्यानंतर कधी?"

"न्हाई." त्याने गवताची काडी तोंडात धरली. "दाजी, तुमाला आनि काय पायजे हुतं?"

मी उठून बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मंडळीच्या समितीत एखादा अहवाल अपुरा आला की मला जशी चीड येते तशी चीड आली होती. इतक्या लांब येऊन मला एका मुलीचा उघडा हात मिळाला होता. दुपारी मी मलकापूरला परतून रात्रीची गाडी पकडण्याचा विचार बोलून दाखवला. मार्थाने भाकरी थापताना मान वर न करता सांगितले, "गाडगं रितं करा आन् मग कुठं जायचं तिकडं जावा."

रविवार उजाडला. गावचे मंदिर कौलारू, पांढऱ्या चुन्याने रंगवलेले आणि लहान आहे. दाराला झेंडूची माळ आणि भाताच्या लोंब्या बांधल्या होत्या. वेदीसमोर काशीफळे, केळीचे घड, गुळाच्या ढेपा आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती, जिने प्रार्थनेच्या वेळी दोनदा मोठ्याने आक्षेप नोंदवला. मध्यभागी एक पांढरे धोतर अंथरले होते. ढोलकी आणि झांजांवर भजन सुरू झाले आणि बायका एकामागून एक पुढे जाऊ लागल्या. धोतरावर तांदूळ ओतायचे आणि रिकामे गाडगे भिंतीशी ओळीत पालथे घालायचे, असा क्रम होता.

"पालथे का घालतात?" मी मार्थाला विचारले.

"म्हंजी कुणी म्हणाय नगं की हिनं तळाला ठिवलंय म्हणून!" ती म्हणाली आणि तिच्या मागची बाई खुदकन हसली.

त्या ओळीत पुरुष मी एकटाच होतो. माझी पाळी आली. मी गुडघे टेकले आणि गाडगे कलते केले. वरचे तांदूळ प्रथम पडले. ते तिने अखेरीस टाकलेले होते, जेव्हा तिला उभे राहवत नसे आणि ती पाटावर बसून तांदूळ निवडीत असे. ते धोतरावर पडले, इतर तांदळांत सरकले आणि दिसेनासे झाले. माझा हात थांबला. गाडग्यात अजून निम्मे होते. जगात तिच्या हाताने मोजलेले जे काही शिल्लक होते ते एवढेच होते. मी गाडगे सरळ केले, उठलो आणि भिंतीशी नेऊन ओळीच्या शेवटी ते उभेच ठेवले.

पाळकांनी उपदेश केला. तो कोणत्या वचनावर होता हे मी सांगू शकत नाही. मी त्या ओळीकडे पाहत होतो. सगळी गाडगी पालथी, एक उभे. मी घड्याळ पाहिले, रुमाल काढला, ठेवला, पुन्हा काढला. मागे दोन बायका कुजबुजत होत्या.

"ते कुणाचं गाडगं उताणं?"

"करुणीच्या मालकाचं."

"मग कुणीतरी सांगा की त्यास्नी."

"ऱ्हाऊ दे. देत्याल. न्हाईतर न्हाई देणार. त्यांचं आन् देवाचं."

मला कोणी बोलले असते तर बरे झाले असते. निम्मे देण्यात गैर काय, असा युक्तिवाद मी मनाशी मांडत होतो. निम्मे हे एका मुठीपेक्षा पुष्कळ अधिक होते. समितीसमोर हा युक्तिवाद टिकला असता. परंतु दृष्टांतातील मनुष्याने निम्मे विकले असे कोठेही म्हटलेले नाही. आणि दुसरी गोष्ट मला तेथे, त्या कोंबडीच्या आवाजात, प्रथमच टोचली. त्याने ते आनंदाच्या भरात विकले, असे म्हटले आहे. माझ्या तीन मुद्द्यांत आनंदाचा मुद्दा नव्हता.

आशीर्वाद झाला. ते तांदूळ त्याच दिवशी शिजवून साऱ्या मंडळीने एकत्र जेवायचे असते. चौघे जण धोतराची चार टोके धरून उचलायला वाकले. एका टोकाशी याकोब होता. त्याने माझ्याकडे पाहिले.

"दाजी, उचलू?"

मी म्हणालो, "थांब."

मी भिंतीपाशी गेलो, गाडगे घेतले आणि धोतरावर उपडे केले. तांदूळ पडले, त्यांच्या मागून कडुलिंबाचा वाळलेला पाला पडला. काही दाणे बुडाला चिकटून राहिले होते. मी तळावर थापट्या मारल्या. तेही पडले.

"पाला बी दिलासा की!" कोणीतरी म्हणाले आणि मंदिरात हशा उसळला. मी गाडगे ओळीत नेऊन पालथे घातले. मग मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्या क्षणी मला काही गवसले, असे मी येथे लिहिणार नाही. स्वर्ग उघडला नाही. माझे हात रिकामे होते आणि त्या हातांचे काय करावे हे मला समजत नव्हते. मी ते एकदा उघडून पाहिले.

मंदिरामागे मोठ्या हंड्यात भात शिजला आणि दुसऱ्या हंड्यात बकऱ्याचा रस्सा. आम्ही पत्रावळी घेऊन जमिनीवर ओळीने बसलो. भातातील कोणता दाणा कोणाच्या घरचा हे आता देवालाच ठाऊक होते. मी चार-सहा घास खाल्ले असतील, तोच समोरून मार्था ओरडली.

"अगं आई गं, कडू! दाजी, तुमचा पाला माझ्या पानात आलाय!"

"माझ्या बी!" आणखी कोणी ओरडले.

"पाखडलं कुणी गं हे तांदूळ? डोळं कुठं हुतं?"

"दाजींनी दिलाय त्यो, गप गिळा! पोटाला बरा असतोय!"

मला हसू आले. प्रथम मी ते रुमालात दाबले, परंतु ते दाबले गेले नाही. मी मोठ्याने, अशोभनीयपणे हसलो, इतका की शेजारच्या गृहस्थांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. याकोब पंगतीत वाढत होता, तो पळी हातात धरून उभाच राहिला.

"तिच्यावाणीच हसताय," तो म्हणाला आणि त्याने माझ्या पानात आणखी भात वाढला.

सोमवारी सकाळी निघालो. नदीत या वेळी बूट मीच हातात घेतले, कारण रिकामे गाडगे पिशवीत टाकता येत होते. कोल्हापूरच्या गाडीत कोणी त्याची चौकशी केली नाही.

जाण्याचा बेत करणाऱ्यांसाठी थोडेसे. सण सुगीवर अवलंबून असतो, म्हणून तो नक्की कधी आहे याची आधी चौकशी करावी. सोबत घोंगडी अवश्य न्यावी, कारण पहाटे कडाक्याची थंडी पडते. गावात धर्मशाळा नाही, तरी पाहुण्याला कोणी बाहेर झोपू देत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि तेथे जाऊन ठेवा पाहण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांना प्रामाणिकपणे सांगतो की पाहण्यासारखे तेथे काही नाही. भाताचे एक खाचर आहे. त्यात खेकडे आहेत.

घरी आल्यावर मी गाडगे धुऊन उन्हात वाळवले आणि फडताळात होते तेथे ठेवले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ते आता असेच रिकामे राहणार. खाणावळीत जेवणाऱ्याच्या घरी मूठ निघत नाही. मूठ काढायची तर तांदूळ घ्यावे लागतात आणि तांदूळ घ्यायचे तर भात शिजवावा लागतो. दोन दिवस मी ही गोष्ट टाळली. रंकाळ्याला तीन-तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी खाणावळीत जाऊन सांगितले की उद्यापासून येणार नाही.

"का वो मास्तर?" मालकांनी विचारले. "आमटीत काय चुकलं का आमचं?"

"नाही. आमटी उत्तम असते."

"मग कोण करणार घरात?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी अधिक खुलासा केला नाही.

अस्वस्थता गेलेली नाही. अजूनही मी संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि अजूनही दारापाशी खिशातील किल्ली चाचपत उभा राहतो. परंतु आता फेरी एकच होते, कारण परत येऊन स्टोव्ह पेटवायचा असतो. त्या पहिल्या संध्याकाळी मी एका माणसापुरते तांदूळ ताटात घेतले. त्यांतून एक मूठ काढली आणि गाडग्यात सोडली. तळाशी दाणे पडल्याचा आवाज रिकाम्या भांड्यात बराच मोठा येतो. तो आवाज मी त्या घरात इतकी वर्षे राहून कधी ऐकला नव्हता. मग उरलेले तांदूळ धुतले, आधणात टाकले आणि पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. तो मी तसाच खाल्ला. मूठ आधी काढून ठेवलेली होती.